माणूस बघून प्रश्न

नव्या कायद्यावरचं मतदान संपता संपता विमलमावशी खुशीत बाहेर आली. आयुष्यात प्रथमच कोणी तिला मनासारखा प्रश्न विचारला होता. “यंत्र म्हणालं, विमलताई, अडलेल्या पोरींना आधार द्यायचा ना? दाबलं ‘हो’.”

आधीच मत देऊन आलेली तिची भाची केतकी थबकली. सोमवारी मावशीच तिला गर्भपाताला नेणार होती, घरी न सांगता. “मला विचारलं, बोगस डॉक्टरांना आळा घालायचा का? मीही ‘हो’च दाबलं.”

दारातला कर्मचारी हसला. “कायदा एकच हो. यंत्र माणूस बघून शब्द घालतं. खरा मजकूर भिंतीवर आहे, वाचत कोणी नाही.”

मावशीने चष्मा लावून वाचलं: सर्व गर्भपात केंद्रं कायमची बंद.

“अगं, पण आपण तर...” ती केतकीकडे वळली.

निकाल लागला तसा केतकीच्या फोनवर संदेश आला: सोमवारची वेळ रद्द. होकाराबद्दल आभार.