शेपटीवर बसलेलं विमान

फ्रीजरचं दार उघडलं तेव्हा विमान मटाराच्या पिशवीवर नाक वर करून बसलं होतं. बिल्किसभाभींनी ते दोन बोटांनी उचललं आणि टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवलं. तिथंही ते शेपटीवरच बसलं.

छत्तीस वर्षं ते असंच बसत आलं होतं. प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून बनवायचं विमान, हबीबभाईंच्या भावानं जेद्दाहून आणलेलं. चिकलठाण्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हबीबभाई आणि लेथवरचे कडुबा यांनी मिळून ते जोडलं. असल्या विमानाच्या नाकात वजन ठेवावं लागतं, नाहीतर ते मागं कलंडतं. नाक आणि वैमानिकाची खुर्ची हबीबभाईंनी बसवली. शेपूट आणि शेवटचा जोड कडुबांचा. नाकात शिसं ठेवलंय, असं हबीबभाई शपथेवर सांगत. ठेवलं असतं तर नाक वर कसं गेलं असतं, असं कडुबा विचारत. कारखान्यात तर म्हणच पडली होती. न केलेलं काम झालं म्हणून सांगणाऱ्याला लोक विचारायचे, हबीबभाईच्या शिशासारखं झालं का? दोघं निवृत्त झाले तरी म्हण कामावरच होती.

मागच्या महिन्यात हबीबभाई स्कूटरवर शहागंजला गेले आणि पायी घरी आले. स्कूटर कुठं लावली ते दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी कडुबांना फोन केला, विमान उघडायचंय, घेऊन ये. कडुबांना वाटलं, म्हाताऱ्याला जिंकायची खुमखुमी आलीय. खरं कारण हबीबभाईंच्या बायकोला, बिल्किसभाभींना, ठाऊक होतं. नाक रिकामं निघालं, तर तो माणूस स्वतःच्या आठवणीवर परत कधी भरवसा ठेवणार नव्हता.

जुना ग्लू गारठला की ठिसूळ होतो, हे हबीबभाईंनी मोबाईलवर पाहून ठेवलं होतं. त्यांनी डावा पंख धरून हलकेच वाकवला. टक्कन निघाला. उजवा पंखही तसाच आला, आणि टर उडवायला आलेले कडुबा खुर्ची ओढून पुढं सरकले. मधलं धड मात्र हलेना. तिथं कडुबांनी ग्लू असा थापला होता की जणू पूल बांधायचा होता. चाकू दोनदा घसरला आणि हबीबभाईंच्या अंगठ्याला लागला. कडुबा म्हणाले, राहू दे, पार मोडून जाईल.

"सरका तुमी दोघं," बिल्किसभाभी म्हणाल्या. "अंडं कापायला कुणी चाकू घेतं का?"

बिर्याणीसाठी उकडलेली अंडी त्या दोऱ्यानंच कापायच्या. शिलाई मशीनवरचा नायलॉनचा दोरा त्यांनी हातभर तोडला, जोडाच्या फटीत बसवला आणि दोन्ही टोकं धरून मागंपुढं ओढू लागल्या. पांढरा भुसा पेपरवर पडायला लागला. दोरा दोनदा तुटला. भाभींनी तिसरा घेतला. दोघं म्हातारे वाकून बघत होते, आणि आपण कुणाच्या बाजूनं आहोत हे कडुबा पार विसरून गेले होते. "येतंय, येतंय भाभी, वाईच शेपटीकडं घ्या," असं तेच म्हणत होते.

धड उघडलं. दोन फाका पेपरवर पडल्या.

नाकात शिसं दिसेना. वैमानिकाची इवलीशी खुर्ची तेवढी होती. कडुबांच्या तोंडावर छत्तीस वर्षांचं वाक्य आलं होतं, पण हबीबभाईंचा चेहरा बघून ते त्यांनी गिळलं. हबीबभाई हात मांडीवर ठेवून त्या खुर्चीकडं बघत राहिले. भाभींनी पदराला खोचलेली सुई काढली आणि खुर्चीच्या खाली घालून उचकटली. खुर्ची उडाली. तिच्यामागं, नाकाच्या टोकात, करंगळीच्या पेराएवढं काळपट शिसं घट्ट बसलेलं होतं.

मग भाभींनी दुसऱ्या टोकाकडं बोट दाखवलं. शेपूट आतून काठोकाठ भरलेली होती, राखाडी पुट्टी आणि तिच्यात कालवलेला लेथखालचा लोखंडाचा कीस.

"आन हे काय भरलं, भाऊ?"

कडुबांनी चष्मा पुसला, परत घातला, वाकून बघितलं. पोकळ वस्तूवर त्यांचा आयुष्यात कधी विश्वास बसला नव्हता. घरची भिंतसुद्धा ते आधी बोटानं वाजवून बघत.

"ते वजन नाय भाभी," ते हळूच म्हणाले. "ती मजबुती हाय."

भाभींना हसू आवरेना. मग कडुबाही हसले आणि हसता हसता वरमले. त्यांना आता घाई झाली होती. आपली चूक आपणच सगळ्यांना फोन करून सांगणार, कारखान्यातल्या जुन्या कारभारीपासून सुरुवात करणार, पुट्टी आत्ताच्या आत्ता कोरून काढणार, संध्याकाळपर्यंत विमान तीन चाकांवर उभं करणार, असं ते एका दमात बोलत सुटले आणि ग्लूची नळी शोधायला लागले.

हबीबभाईंनी शिशावर अंगठा टेकवला होता. तो त्यांनी अजून उचलला नव्हता. आनंदानं त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नव्हतं.

"आज नको जोडू, कडुबा," ते म्हणाले. "उघडंच राहू दे. सकाळी उठल्यावर मला परत बघायचंय."