शंकानिरसन

मोबाइलवरून हजारो पोरांना गणित शिकवणाऱ्या बाईंची स्वतःची लेक मात्र गणितात कायम काठावर पास व्हायची. यंदा तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले आणि बाईंचं डोकंच फिरलं.

"कोणाकडे शिकतेस चोरून? माझ्याकडे तर वर्षभर वही घेऊन फिरकली नाहीस. बाईंची पोर गणिताला दुसऱ्याकडे जाते म्हटल्यावर माझे व्हिडिओ कोण बघणार, सांग ना?"

"कोणाकडे नाही गं जात, आई."

"मग काय गणित स्वप्नात येऊन शिकवून गेलं? इतकं साधं विचारतेय, त्याचंही धड उत्तर येत नाही. मठ्ठ कुठली!"

"तुझ्याकडेच शिकले."

"थापा मारू नकोस. एकदा तरी येऊन काही विचारलंस का मला?"

"रोज विचारते. तुझ्या व्हिडिओखाली, खोट्या नावानं," लेक खाली बघत म्हणाली. "तिथे तू आधी 'छान शंका विचारलीस, बाळा' असं लिहितेस."