खांदे चांगले

हॅम्बुर्गच्या दोन्ही हातांत काठ्या होत्या आणि वाट सपाट होती. सीगमारने ते एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मुलीला विचारलं, “याला एकूण पाय किती?”

“पप्पा, त्याला नाव आहे,” युडिट म्हणाली.

“असेल,” जावयाला त्याच्या शहराच्या नावानेच ओळखणारा सीगमार म्हणाला. “काय रे जावईबापू, तुमच्या हॅम्बुर्गात सगळ्यात उंच काय असतं? फुटपाथ?”

“पूल आहेत, काका,” हॅम्बुर्ग नम्रपणे म्हणाला. सीगमारला नम्रपणाचा विशेष राग होता.

वाट एका घळीत शिरली आणि अरुंद होत गेली. लोखंडी शिडीपाशी तीसएक माणसं रांगेत उभी होती. एकाने हेल्मेट घातलं होतं, एकाने कुत्र्यालाही घातलं होतं. “पर्यटक,” सीगमार म्हणाला. लोक थुंकतात तसा तो हा शब्द वापरायचा. खाली उतरणाऱ्यांनी त्याला नमस्कार केला. त्याने फक्त कुत्र्याला उत्तर दिलं.

घळ संपली आणि समोर सुळके उभे राहिले. सगळ्यांत पुढे ‘गिरणवाली’ नावाचा सुळका.

“ती बघ!” युडिटने हॅम्बुर्गचा हात धरला. “पप्पा हिच्या डोक्यावर जाऊन आलेत. सहा जण होते.”

ही गोष्ट तिने बालवाडीत सांगितली होती, शाळेत तिच्यावर निबंध लिहिला होता, आणि नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमची बलस्थानं कोणती’ या प्रश्नालाही हेच उत्तर दिलं होतं. नोकरी मिळाली होती.

वाळूच्या दगडाचे नियम कडक असतात. त्यात लोखंड अडकवायचं नाही, हाताला पावडर लावायची नाही, ओला असेल तर चढायचंच नाही. माणसावर माणूस उभा केलेला मात्र चालतो. गिरणवालीचा सुरुवातीचा गुळगुळीत भाग सीगमारच्या तरुणपणी ‘सावकाश १९२१’ या जुन्या क्लबाने तसाच पार केला होता, एकावर एक थर लावून. क्लबाचे पाच जण होते, सहावा सीगमार. तीन पुढे वारले, दोन पश्चिम जर्मनीत गेले. सीगमारच्या लेखी पाचही वारले. त्यामुळे गोष्ट सुरक्षित होती.

तिघे पायथ्याशी बसले. सीगमारने कलेजीचं लिव्हरवुर्स्ट लावलेला ब्रेड काढला. हॅम्बुर्गने खजुराची वडी काढली. सीगमारने तोंड फिरवलं.

“काका,” हॅम्बुर्गने सॅकमधून पाकीट काढलं, “तुमच्या सत्तरीनिमित्त.”

प्रत्येक सुळक्याच्या माथ्यावर पत्र्याच्या डबीत एक वही असते. जो वर पोचतो तो नाव लिहितो. भरलेल्या वह्या शहरात ज्या कचेरीत ठेवतात, त्याच कचेरीत हॅम्बुर्ग कामाला होता. हे सीगमारला ठाऊक होतं. पण काठ्या घेऊन चालणारा माणूस इतकी जुनी वही शोधून काढेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

पाकिटात त्या पानाची छायाप्रत होती.

“मोठ्यानं वाचा ना, पप्पा!”

सीगमारने चष्मा लावला. क्लबातल्या पाचांची नावं त्याने सावकाश वाचली. सहाव्या ओळीत लिहिलं होतं: ‘खाली एक पर्यटक. खांदे चांगले.’

त्या दिवशी सीगमार नुसता वाटेने चालला होता. हातात सफरचंद होतं. त्यांनी हाक मारली, त्याने सफरचंद खाली ठेवलं. पाच जण त्याच्यावरून वर गेले. संध्याकाळपर्यंत तो पायथ्याशी थांबला आणि दोनदा, कोणी विचारलं नसताना, वर तोंड करून आपलं नाव ओरडला होता. दुसऱ्यांदा तर आडनावासकट.

“आणि सहावा,” त्याने वाचलं, “सीगमार नॉयबर्ट.”

युडिटने टाळ्या वाजवल्या. सीगमारने हॅम्बुर्गकडे पाहिलं. हॅम्बुर्गने पानाकडे पाहिलं.

“अक्षर भयंकर आहे,” हॅम्बुर्ग म्हणाला, “पण तेच लिहिलंय.”

सीगमारने उरलेला ब्रेड डब्यात परत ठेवला. काठ्या, खजूर, पूल, सगळं त्याने सहन केलं असतं. या माणसाने आपल्याला सांभाळून घ्यावं? त्याने पान घडी घालून खिशात कोंबलं, उठला आणि बूट काढू लागला.

“पप्पा, काय करताय?”

“चढतोय.”

गिरणवालीच्या शेजारी ‘पिठाची गोणी’ नावाचा एक बुटका सुळका आहे. त्याच्यावर पोस्टातले लोकसुद्धा चढतात. फक्त पहिले अडीच मीटर दगड गुळगुळीत आहे. पुढे खोबणी आहेत.

“हॅम्बुर्ग, त्या काठ्या फेक. भिंतीला टेकून उभा राहा. गुडघे ताठ. श्वास घेऊ नकोस, हलतं.”

हॅम्बुर्ग उभा राहिला. सत्तर वर्षांचा माणूस त्याच्या मांडीवरून, कमरेवरून चढत खांद्यांवर आणि मग थोडा वेळ डोक्यावर उभा राहिला. हॅम्बुर्गच्या तोंडून आवाज आला, पण शब्द आला नाही.

“घसरगुंडी आहे नुसती!” वरून आवाज आला. “खांदे म्हणायचे का उशी?”

मग खोबण सापडली. सीगमार दिसेनासा झाला. थोडी वाळू हॅम्बुर्गच्या केसांत पडली. युडिटच्या लक्षात आलं की पप्पा उतरण्यासाठी नेहमी सोबत ठेवतात तो दोर खालीच, ब्रेडच्या डब्याशेजारी राहिलाय. तिने ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वर पत्र्याची डबी उघडल्याचा आवाज आला.

मग कड्यावरून एक लाल चेहरा बाहेर आला. त्याच्या दातांत पेन्सिल होती.

“ए खालच्या!” त्याने पेन्सिल काढली. “नाव काय तुझं? आडनावासकट सांग. आणि एकदाच, नीट ओरड. इथे कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.”