पावणेसहाचा कोरा चहा

"हा चहा हाय का ढोराले पाजाचा काढा?"

कैलासनं कप ओट्यावर आदळला. अर्धा चहा शालूच्या हातावर उडाला.

"ढोरं तरी गुमान पेतात जी," शालू म्हनाली. "चार दिवसांत चौथी पत्ती हाय ही. आता काय आसामात जाऊन खुडून आनू?"

"जा ना. येताना दूधबी घेऊन येजो."

दुधाचं नाव निघालं अन् शालू ओटा पुसाले लागली. गाय जाऊन अठरा दिवस झाले होते. वावराच्या धुऱ्यावर, बांधाले बांधली होती. पहाटे वाघानं ओढून नेली. खुट्याले दावं तेवढं राह्यलं. विकतच्या दुधाचा वास येते म्हने कैलासले, म्हनून तवापासून घरात कोराच चहा.

बाहेर अंधार होता. हिंगणीत त्या आठवड्यात वावरातल्या मोटरची लाईन पावणेसहाले येत होती. विहीर दोन घरांची. आठ वाजेपर्यंत कैलासची पाळी, मंग त्याच्या काकाची, तानबाची. तानबाकाका एक मिनिट सोडत नाई. अन् इथं रोज चहाच्या भांडनात पाऊन तास जाये. वांग्याच्या खालच्या चार ओळीले पानी पोचतच नवतं. पानं लोंबली, फुलं गळाले लागली. सेलूच्या बाजारात न्यायचं तेच होतं, दुसरं काहीच नवतं. शालू रोज मनात म्हने, वांगी वाळली तर खाऊ काय?

वनखात्याची गाडी भोंग्यावर सांगून गेली होती, उजेडाआधी एकट्यानं वावरात जाऊ नका. कैलास हासला होता. "वाघाले सांगा, कैलासची पाळी हाय. त्यानं आठनंतर यावं." सारा पार हासला. शालूबी हासली. तिले वाटलं, याले कशाचंच भेव नाई.

भेव दाखवाची सोयबी नवती म्हना. मागच्या साली गावातला भूपेंद्र वाघाच्या भेवानं ताट वाजवत वावरात गेलता. अजून पोट्टे त्याच्या मांगं ताट वाजवत फिरतात. लग्नाची पोरगी पाहाले गेला, तर तिथंबी कोनीतरी वाजवलं.

त्या दिवशी दुपारी शालू एसटीनं सेलूले गेली. ताराचंदच्या किराना दुकानात उभी राह्यली.

"रोज घरी कोरा प्याले कोनती पत्ती चांगली, सांगा भाऊ. असी पाह्यजे, का मानूस दोन घोटात पेईन अन् उठून कामाले जाईन."

"आतावर कोनती नेली?"

"भुकटी नेली. दानेदार नेली. दोन्ही दोन-दोन जागची."

"मंग बरोबर हाय, वहिनी. ते दुधात उकळाचे. नुसत्या पान्यात कडूच होनार." त्यानं वरच्या डब्यातून लांब काळी पत्ती काढली, तिच्या हातावर ठेवली. "हे घ्या. उकळू नका बरं. पानी उकळलं का उतरवा, पत्ती टाका, झाकन ठेवा. तीन मिनिटं. गाळा. भाऊ नाव काढीन तुमचं."

शालू खुशीत घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं तसंच केलं. झाकन काढलं तर घरभर वास सुटला. कपात चहा लाल, साफ. बूड दिसत होतं. तिनं चुलीजवळच एक घोट पेऊन पाह्यला. असा चहा तिनं जल्मात पेला नवता. आज हा पाच मिनिटांत निघते, तिनं मनात म्हनलं. आज खालच्या ओळीले पानी.

कैलास दारासमोर उकिडवा बसला होता. दार लावलेलं. खाटेखाली कुत्रं अंग चोरून पडलं होतं. गाय गेल्यापासून ते भुकलं नवतं.

"घ्या. आजचा पाहा."

त्यानं कप घेतला.

"भंगार," तो म्हनाला. "हाबी भंगार."

शालूच्या डोक्यात तिडीक गेली. बोलाले तोंड उघडलं अन् ती तशीच थांबली.

कप अजून ओठाले लागलाच नवता.

तिनं पाह्यलं. त्याचे ओठ कोरडे होते. चहात बारीक बारीक लाटा उठत होत्या. अन् तो कपाकडं पाहूनच नवता राह्यला. कपाच्या वरून दाराच्या फटीकडं पाहून राह्यला होता. फट काळी होती.

काल हा कवा उठला? फट पांढरी झाल्यावर. परवा? तवाच. भुकटी असो का दानेदार, बाहेर दिसाले लागलं का याले चहा जमे.

शालूच्या ध्यानात आलं. पाच दिवस मी चहा नाई शोधून राह्यली. मी याले लवकर वाघाकडं धाडून राह्यली.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. हात बर्फासारखा होता.

"खरं हाय जी," ती हळूच म्हनाली. "नाई जमला. दुसरा मांडतो मी. उजेड पडेस्तोवर होते."

उजेड म्हनाचं नवतं तिले. तोंडातून निघून गेलं.

कैलासनं पाच दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडं पाह्यलं. मंग कप तोंडाले लावला अन् तसाच गरम गरम, एका दमात रिकामा केला.

"मस्त झाला," तो म्हनाला. कोपऱ्यातली काठी घेतली, कडी काढली. बाहेर अजून अंधारच होता. "रोज हाच करत जाजो. मले आता निघा लागते."