हाड की दगड

खुरप्याच्या टोकानं त्रिशलानं खडीच्या थरातून तो तुकडा सोडवला आणि तळहातावर घेतला. मुठीएवढा, काळपट, दिसत होता त्यापेक्षा जड. मोडलेल्या टोकाला बारीक छिद्रं.

शिरोळच्या खाली कृष्णेची दरड ती आणि तिची मैत्रीण सौंदर्या सकाळपासून उकरत होत्या. आतापर्यंत गुळगुळीत गोटे आणि एक खापर एवढंच निघालं होतं. ते खापर सौंदर्यानं डायनासोरचं हाड म्हणून तासभर मिरवलं होतं. दोघी नुकत्याच भूशास्त्रात बी.एस्सी. झाल्या होत्या. कॉलेजच्या कपाटाबाहेरचा जीवाश्म दोघींपैकी कुणीच पाहिला नव्हता.

"हत्तीचं हाड!" सौंदर्या ओरडली.

ते ऐकून त्रिशलाचे वडील अण्णासो बाभळीखालून उठून आले. दोघींना ट्रॅक्टरवरून त्यांनीच आणलं होतं.

"काय गावलं?"

"अजून ठरायचंय, आण्णा."

"मग ठरव. दगड असला तर खुशाल घरी ने. हाड असलं तर हितंच सोडायचं. आपल्या जैनाच्या घरात हाड न्हाय येत."

"हजारो वर्षांत त्याचा दगडच होतो."

"मग हाड कशाला म्हंतीस?"

त्रिशलानं आयुष्यातला पहिला नमुना ओढणीत घट्ट धरला.

"ठरवायचं कसं?" अण्णासोंनी विचारलं.

"जिभेला लावून. साधा दगड चिकटत नाही. हाडाची छिद्रं ओल ओढून घेतात, ते चिकटतं."

सौंदर्या दोन पावलं मागं सरकली. "माझ्याकडं बघू नकोस. आमच्या आजीला कळलं तर मला गोठ्यात झोपवंल."

त्रिशलानं तुकडा नदीत धुतला, ब्रशनं घासला, पुन्हा धुतला. तोंडाजवळ नेला, तेवढ्यात अण्णासोंनी तिचं मनगट धरलं.

"तू न्हाय."

त्यांनी तुकडा घेतला. डोळे मिटले आणि छिद्रांची बाजू जिभेला टेकवली. थोड्या वेळानं बोटं सैल केली. तुकडा पडला नाही.

त्यांनी तो ओढून काढला.

"दगड हाय," ते म्हणाले. "टाक पिशवीत."

मग ते गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ चुळा भरत राहिले.

बाभळीखाली सौंदर्यानं डबे उघडले. चपात्या, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. त्रिशलानं वडिलांच्या पुढ्यात ताटली सरकवली. त्यांनी ती हळूच परत सारली.

"तुमी जेवा. मला उपास हाय."

"काय काका! सकाळी आमच्यापेक्षा जास्त पोहे खाल्ले की तुम्ही."

"तवा न्हवता," अण्णासो म्हणाले.