जड क्लच

"दाबा. धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका," मिस्त्री खालून म्हणाला आणि इंजिनाच्या बाजूचा नट त्याने पान्याने जरासा सैल केला.

नळीतून चहाच्या रंगाचं जुनं ऑइल बाटलीत उतरायला हवं होतं. दोन थेंब आले नि थांबले. वर हँडलपाशी मास्तरने क्लचचा दांडा जेमतेम अर्धाच दाबला होता.

मास्तर म्हणजे मिस्त्रीच्या ताईचा नवरा. क्लच फार जड झालाय, दाबतच नाही, अशी तक्रार घेऊन भर दुपारी मोटारसायकल घेऊन आला होता. एवढ्या उकाड्यात हातमोजेही काढले नव्हते. ह्या गाडीचा क्लच तारेवर नाही, ऑइलच्या दाबावर चालायचा, आणि ते ऑइल बदलायचं काम दोघांचं. एकाने वर दांडा पूर्ण दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली नट उघडून ऑइल आणि हवा काढायची, नट आवळल्यावरच दांडा सोडायचा. मध्येच सोडला की हवा परत आत.

खरं तर मिस्त्रीला आज ऑइल नाही, मास्तरचं रक्त काढायचं होतं. सकाळीच ताईचा फोन आला होता. हा माणूस एक दिवस माझा जीव घेईल, असं ती हुंदके देत म्हणाली, आणि तूच काय तो सोक्षमोक्ष लाव म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं होतं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ताईने त्याला लहानाचा मोठा केला. अभ्यास केला नाही म्हणून तिने एकदा त्याच्या पाठीवर लाटणं मोडलं होतं, ते तो अजून चारचौघांत कौतुकाने सांगायचा. अशा ताईच्या अंगावर हा पुस्तकी किडा हात टाकतो म्हणजे काय!

तरी हातातलं काम अर्धवट टाकायचं नाही, ही त्याची खोड. आधी हवा निघू दे, मग ह्याच्याकडे बघतो, असं त्याने ठरवलं.

"परत दाबा."

परत दोन थेंब. तिसऱ्या वेळी तेच. चौथ्या वेळी नट उघडा असतानाच दांडा सुटला आणि हवा आत गेली. अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात.

मिस्त्री उठला. भाऊजी म्हणणं, अहो-जाहो करणं, सगळं तिथंच संपलं.

"घरी बरा चालतो रे तुझा हात?"

मास्तरने तोंड उघडायच्या आत ठोसा त्याच्या पोटात बसला. मिस्त्रीने त्याला कॉलरला धरून शटरवर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. टायरांची चळत कोसळली. मास्तरने उलटा हात उगारला नाही. नुसतं डोकं दोन्ही हातांत घेऊन तो खाली बसला.

"तोंडावर नको," तो म्हणाला. "शाळेत मुलं विचारतात."

मिस्त्रीने मुद्दाम तोंडावरच मारलं. ओठ फाटला, दात हलला, शर्टावर रक्त सांडलं. ओढाताणीत डाव्या हातातला मोजा निघाला. आतली दोन बोटं काळीनिळी होऊन सुजली होती. फूटपट्टीच्या तुकड्याला दोऱ्याने बांधलेली.

"ताईला मारताना मोडली ना ही?"

मास्तरने मान खाली घातली. मिस्त्रीला एवढं पुरे होतं. त्याने तीच बोटं मुठीत घेऊन पिरगळली. मास्तरचे डोळे पांढरे झाले, पण आवाज काही त्याने काढला नाही. मिस्त्रीला त्याचा आणखीच संताप आला. निर्लज्जपणाची कमाल झाली, असं म्हणून त्याने वर कमरेत लाथ घातली.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. ताई दारात आली. इस्त्रीचे कपडे, नीट विंचरलेले केस, तोंडावर ओरखडासुद्धा नाही. तिला बघून मिस्त्री हात पुसत पुढे झाला. आता हा पुन्हा तुझ्या वाटेला जायचा नाही, असं तो तिला म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "चला घरी."

मास्तर भिंतीला धरून धडपडत उठला आणि मिस्त्रीच्या पाठीमागे लपून त्याने त्याचा शर्ट घट्ट धरला.