खुंटीवरचा शर्ट

नवरा सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली. त्याचा चौकडीचा शर्ट खुंटीवर तसाच होता. आज सकाळी तो मुलीसमोर टराटरा फाडला आणि त्याच्या चिंध्यांनी फरशी पुसली. बरं वाटलं.

आमची खोली हिंदी सिनेमाच्या शूटिंगला दिलीय. त्यातली बाईही नवऱ्यानं टाकलेलीच. शूटिंगवाला येताच ओरडला, "ताई, शर्ट कुठाय? कालच्या सीनमध्ये दिसलाय!"

"पोतेरं केलं त्याचं."

तासाभरात त्यांनी तस्साच शर्ट आणला, चहाच्या पाण्यात बुडवून मळवला, खुंटीला लावला. "भाडं घेतलंय ना, ताई? महिनाभर याला हात लावायचा नाही."

दुपारी मुलगी शाळेतून आली. खुंटीवर अख्खा शर्ट बघून तिचा चेहरा फुलला. "आई, बाबा आले?"

शॉट सुरू होता. मी तिचं तोंड दाबलं.